संगणक म्हातारा झाला म्हणे!

चौगुल्यांच्या दुकानात भिंतभर संगणक मांडले होते. पण सुरू केले की सगळ्यांवर एकच चित्र आणि एकच 'सुस्वागतम्'. शर्वाणीने एकेक करून सगळे चालू करून पाहिले आणि मग दुकानातल्या यंत्रमानवाला विचारलं, "माझे आजोबा वापरतात ते लिनक्स घातलेला एकही नाही?"

"नाही, ताई. कुणी मागत नाही, म्हणून आम्ही ठेवत नाही."

"कुणी का मागत नाही?"

"दुकानात कधी दिसत नाही, म्हणून."

"म्हणजे ठेवत नाही म्हणून मागत नाहीत, आणि मागत नाहीत म्हणून ठेवत नाही. छान!"

"धन्यवाद," यंत्रमानव म्हणाला. टोमणा कळण्याइतकी बुद्धी त्याला अजून कुणी दिली नव्हती.

शर्वाणी पाय आपटत घरी निघाली. सातवीतल्या मुलीने एवढं चिडावं असं घडलंही होतं. गडहिंग्लजच्या तिच्या शाळेतल्या सगळ्या संगणकांवर एका सकाळी लाल पट्टी झळकली होती : 'या यंत्राची मुदत संपली. नवे यंत्र घ्या.' मुख्याध्यापक घाटगेसरांनी लगेच भंगारवाल्याचा टेंपो शनिवारी बोलावून टाकला. नवे संगणक कधी येणार, ते देवालाच ठाऊक. तोवर संगणकाच्या खोलीला कुलूप! मुलांनी नुकतंच कुठे स्वतःचे खेळ तयार करायला घेतले होते.

"तात्या, आदल्या दिवशी नीट चालणारी यंत्रं एका रात्रीत म्हातारी कशी होतात?" तिने घरी येताच आजोबांना विचारलं. तात्यांचं सगळं आयुष्य रेडिओ दुर्बिणीच्या वेधशाळेत गेलं होतं.

"यंत्रं कुठली म्हातारी व्हायला! त्यांचा कारभारी काम सोडून गेलाय," तात्या म्हणाले. "संगणकात पडदा, कळफलक, स्मृती असे भाग असतात. या सगळ्यांकडून काम करून घेते ती कार्यप्रणाली (यंत्र आणि माणूस यांच्यामधला कारभार पाहणारी मूळ आज्ञावली). शाळेतली कार्यप्रणाली एका कंपनीची आहे. जुन्या यंत्रांसाठी तिच्या दुरुस्त्या करणं कंपनीने थांबवलं. दुरुस्ती नाही, म्हणून ती असुरक्षित झाली. पण म्हणून धडधाकट यंत्र भंगारात? कारभारी गेला म्हणून कुणी घर पाडतं का?"

"मग दुसरा कारभारी आणायचा!"

"हेच तर दुकानात कुणी सांगत नाही. तिथे यंत्र आणि कार्यप्रणाली एकत्र बांधूनच विकतात, त्यामुळे लोकांना वाटतं दोन्ही एकच. लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली मुक्तस्रोत आहे (जिची रचना कुणीही वाचावी, बदलावी आणि वाटावी अशी). एका कंपनीने हात वर केले म्हणून ती बंद पडत नाही."

"पण सर म्हणतात, ते इंजिनिअर लोकांचं काम आहे."

तात्या हसले. "पूर्वी थोडंफार होतं तसं. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहाव्या लागायच्या आणि आम्ही त्याचा तोराही मिरवायचो. आता चित्रावर बोट ठेवलं की काम होतं. अर्थात खोटं कशाला बोलू? काही खेळ त्यावर चालत नाहीत. एखादा प्रिंटरही अडून बसतो, कारण बनवणाऱ्याने त्याचा दुभाष्या (त्या यंत्राशी बोलणारी छोटी आज्ञावली) दिलेला नसतो. म्हणून आधी चाखून बघायचं. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवता येतं, आतलं काहीही न पुसता."

शनिवारी शर्वाणी पेनड्राइव्ह घेऊन थेट घाटगेसरांसमोर उभी राहिली. "सर, एकदा बघा तरी!"

"तुला येईल गं. रोजचं काम देसाईबाईंना करायचंय," सर म्हणाले. "त्यांना जमलं तर टेंपो रिकामा परत पाठवतो."

देसाईबाई शाळेच्या लिपिक. बोललेलं लिहून घेणारी यंत्रं घरोघरी आली होती, तरी बाई अजून हातानेच टंकायच्या. प्रश्नपत्रिका मोठ्याने बोलणार कशी? भिंतींनाही कान असतात!

शर्वाणीने पेनड्राइव्ह लावून बाईंचा संगणक सुरू केला; बघायला मुलंही जमली. बाईंनी फाइल उघडली, चाचणीपुरती एक सूचना छापली; प्रिंटरही मुकाट्याने चालला. मग त्या स्वतः टंकू लागल्या आणि पडद्यावर भलतीच अक्षरं उमटली. ना मराठी, ना कुठली भाषा.

"झालं?" घाटगेसर म्हणाले. बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला.

बाईंचा चेहरा उतरला. "माझंच काहीतरी चुकलं असेल. आम्हाला कुठलं हे जमायला!"

शर्वाणी पुढे सरसावली. "बाई, तुमचं काहीच चुकलं नाही! चूक माझी आहे. मी सगळं तपासलं, फक्त तुमची बोटं तपासली नाहीत. तुम्ही टंकणं कशावर शिकलात?"

"आईच्या जुन्या टाइपरायटरवर."

शर्वाणीने कळफलकाच्या मांडण्यांची यादी उघडली. त्यात मराठीच्या चार मांडण्या (कोणत्या कळीवर कोणतं अक्षर) होत्या आणि त्यातलीच एक टाइपरायटरची. तिने ती निवडली. बाईंनी भीत भीत एक ओळ टंकली, मग दुसरी, आणि बोटं धावू लागली.

"ही कुणी करून ठेवली गं?"

"ज्याला हीच सवय होती अशा कुणीतरी. त्याला कंपनीची परवानगी मागावी लागली नाही. त्याने केली आणि सगळ्यांसाठी ठेवून दिली."

हे बोलताना मुक्तस्रोत म्हणजे काय, ते शर्वाणीला स्वतःलाच नीट कळलं.

"तरीपण," घाटगेसर म्हणाले, "सगळं जग वापरतं ते सोडून आपणच कशाला..."

"सर, तुम्ही शब्द दिलाय," पडद्यावरची नजर न काढता बाई म्हणाल्या. "आणि आता बाहेर व्हा बघू सगळे. सहामाहीचे पेपर टंकायचे राहिलेत. टेंपोवाल्याला सांगा, यंत्र कामात आहे. शर्वाणी, तू आधी जा! सातवीचं गणितच घेतेय. सगळ्या संगणकांत हे कायमचं घालायला सोमवारी ये."

घाटगेसरांसकट सगळे निमूटपणे बाहेर आले. बाईंनी आतून कडी लावली.