मानेवरची सावली

एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून मी फोटो दुरुस्त करते. बारा वर्षं झाली. एक खुर्ची, एक कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा. भुताखेतांना घाबरायला मला सवड नव्हती. त्या दुपारपर्यंत.

आमच्या मालकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "ताई, नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका. खोलीत ऊन आलं की पडद्यावरचा फोटो काळपट दिसतो, खिडकी लावली की उजळ. हिस्टोग्राम बघा. तो कुणाची भीड धरत नाही."

हिस्टोग्राम म्हणजे कोपऱ्यातला छोटा आलेख. फोटोतला अंधार डावीकडे साचतो, उजेड उजवीकडे. लाल, हिरवी, निळी अशा तीन टेकड्या दिसतात. माणसाच्या कातडीवर लाल पुढे, म्हणजे उजवीकडे; हिरवी मधे, निळी मागे. गोरा असो की सावळा, रांग तीच. सावली पडली तर तिघी मिळून डावीकडे सरकतात. रांग मोडत नाही.

त्या सकाळी एक ठेकेदार आला. आधी स्वतःचे पासपोर्टचे फोटो काढून घेतले, आरशात दोनदा भांग पाडून. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

"बायको गेली माझी. जिन्यावरून पडली. हा महिन्यापूर्वीचा फोटो. मोठा करून भिंतीवर लावायचाय. जरा गोरी करा तिला. आणि मानेवर सावली आलीय, ती पुसा. संध्याकाळी फोटो न्यायला सासूबाईही येतायत, त्यांचे उगाच प्रश्न नकोत."

मला आधी राग आला तो 'गोरी करा'चा. जिवंतपणी ऐकलंच असेल बिचारीनं, आता मेल्यावरही सुटका नाही! पण मालकांनी डोळ्यांनीच गप्प केलं. गिऱ्हाईक होतं.

दुपारी फोटो उघडला. तिशीची बाई, ओढून आणलेलं हसू. मानेचा तेवढाच भाग निवडला आणि आलेख बघितला.

रांग मोडली होती. हिरवी टेकडी निळीच्याही मागे जाऊन पडली होती.

सावली असं करत नाही. असं करतो तो मुका मार... दोन-तीन दिवसांचा, जांभळा पडलेला. मी फोटो मोठा केला. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या.

संतापानं उठून मी पुढच्या खोलीत गेले.

"मालक, ही सावली नाही."

"ताई, आपण फोटोवाले. पोलीस नाही."

"मग हिस्टोग्राम कशाला शिकवलात मला?"

ते दुसरीकडे बघायला लागले. "पुसून द्या... विषय संपवा."

आणि मी पुसलं. खोटं कशाला बोलू? शेजारची कातडी उचलून डागावर बसवली. मान स्वच्छ झाली. पण आलेखात हिरवी टेकडी होती तिथेच. पुन्हा पुसलं. तिथेच. फाइल बंद केली, उघडली. पडद्यावर मान लख्ख, आणि कोपऱ्यात तो मोडलेला आलेख.

पंखा थांबला. लाइट गेली म्हणावं तर कॉम्प्युटर चालू होता. त्या शांततेत मला वास आला... दुखण्यावर चोळायच्या बामचा. उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा. माझ्या अगदी खांद्यापाशी. मी मागे वळले नाही.

"बाई गं," मी हळूच म्हटलं, "चुकले मी."

पंखा सुरू झाला. मी पुसलेली फाइल टाकून दिली आणि मूळ फोटो जसा होता तसा छापला. ना गोरा केला, ना काही झाकलं.

सहाला ठेकेदार आला. पाठोपाठ सासूबाई. मालकांनी फोटोच्या पाकिटाला हात घालायच्या आत मी उठून फोटो त्या माउलीच्याच हातात दिला.

तिनं तो बराच वेळ बघितला. मग मानेवरून बोट फिरवलं.

"हे काय?"

"सावली आहे आई," तो म्हणाला. "यांना पुसायला सांगितलं होतं."

"सावली नाही, मावशी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "बोटं आहेत. हवं तर आत या, दाखवते."

तो माझ्या अंगावर आला. "शिकलात किती हो तुम्ही?"

"दहावी. पण एवढं कळतं."

मालक पहिल्यांदाच काउंटरच्या बाहेर आले आणि आमच्या दोघांच्या मधे उभे राहिले. सासूबाईंनी फोटो पदराखाली घेतला. "मी पोलिसांत चालले," एवढंच बोलल्या. जाता जाता दारात थबकल्या. "इथे बामचा वास कसला हो? ती लावायची तोच..."

तो सासूबाईंच्या मागे धावला. स्वतःचे पासपोर्टचे फोटो तसेच राहिले.

ते आठ फोटो अजून माझ्या खणात आहेत. एकाच फाइलचे, एकाच कागदावर, एकाच वेळी छापलेले. आठही हुबेहूब हवेत. पहिल्यात त्याची मान स्वच्छ आहे. दुसऱ्यात कॉलरच्या वर एका बोटाचा डाग. तिसऱ्यात दोन. सहाव्यापर्यंत अंगठ्यासकट पाच. सातव्यात त्याचं तोंड जरा उघडलंय.

आठव्यात तो कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. खांद्यावरून मागे बघतोय.