बस म्हटलं की

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला कॅमेऱ्याचं वेड वगैरे नव्हतं. तिला फक्त बाबांचा एक फोटो हवा होता, तोही आपल्या हातचा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला, वाचा गेली आणि आता तर डॉक्टरही तिची नजर चुकवायला लागले होते. म्हणून शेजारचे म्हातारे फोटोवाले काका तिचे गुरू झाले. बिस्किटांचा डबा आतून काळा रंगवायचा, त्याला सुईनं भोक पाडायचं, आत फोटोचा कागद लावायचा आणि भोकावरची पट्टी सहा मिनिटं काढायची. वेळ संपली की काका पट्टी लावता लावता म्हणत, "बस."

तिनंही तेच उचललं. सरावाला खिडकीजवळची रिकामी खुर्ची घेतली. उजेड तिथेच बरा होता.

पहिल्या कागदावर नुसती खुर्ची आली. दुसऱ्यावर खुर्चीत धुरकट काहीतरी. काकांनी भिंग लावलं. निम्म्यात उठून गेलेला माणूस असाच येतो म्हणाले, कुणाला बसवलं होतंस? कुणालाच नाही, तिनं हसत सांगितलं. तिसऱ्या कागदावर दोन अनवाणी पावलं स्पष्ट आली. गुडघ्यांवर दोन हात. काका हसले नाहीत.

"पट्टी लावताना काय म्हणतेस?"

"बस. तुमच्यासारखंच."

"मी समोरच्याला म्हणतो, पुरे म्हणून. तू रिकाम्या खुर्चीला म्हणालीस..." त्यांनी कागद उलटा ठेवला. "ऐकणारा बसणारच ना."

यापुढे 'झालं' म्हण, एवढं सांगून ते पाणीही न घेता गेले. तिला पटलं नाही, पण अंगावर काटा आला. तरी बाबा कलंडणार नाहीत अशी हातांची खुर्ची घरात तेवढी एकच होती, आणि त्यांचे दिवस भरत आले होते.

रविवारी सकाळी तिनं त्यांना तिथे बसवलं. सहाही मिनिटं नजर हलवली नाही. बाबा जागचे हलले नाहीत. "झालं," ती स्पष्ट म्हणाली.

न्हाणीघरात लाल दिव्याखाली कागद औषधात सोडला. आधी ती अनवाणी पावलं उमटली, मग दोन हात. त्यावर बाबांचा चेहरा, अगदी पुसट, आरपार खुर्चीच्या पट्ट्या दिसत होत्या. निम्म्यात उठून गेल्यासारखा.

ओला कागद घेऊन ती धावत बाहेर आली. बाबा खुर्चीतच होते. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"बाबा...?"

त्यांनी मान वर केली. शब्द अगदी नीट आले.

"बसूनच राहू ना?"