मृत्यूचा रकाना

प्रकाशनाच्या कचेरीत तिला सगळे चित्रवाली म्हणत. पुस्तकांसाठी जुनी, हक्क संपलेली चित्रं शोधून आणायचं तिचं काम. एकवीस वर्षं तेच. चित्र कोणाचं आणि तो माणूस कधी वारला, एवढं कळलं की झालं. इथे माणूस गेल्यावर साठ वर्षांनी त्याचं चित्र कोणीही छापावं. शेजारच्या देशात सत्तर वर्षं थांबावं लागे. प्रत्येक चित्राचं एक कार्ड, कार्डावर मृत्युवर्षाचा रकाना.

त्या सोमवारी घोडं अडलं ते एका पुलाच्या फोटोवर. काढणारा साधा स्टुडिओवाला. कुठल्याच दप्तरात त्याच्या मरणाची नोंद नव्हती. पुस्तक दोन्ही देशांत एकाच वेळी निघायचं होतं आणि तिकडचा छापखाना खोळंबला होता.

"वर्ष मिळेना," ती म्हणाली.

"मग अंदाजाने लिहा. आपण लिहितोच की." संपादक चष्मा पुसत होते. "मेलेला माणूस भांडायला येत नाही, बाई."

"आणि जिवंत असला तर?"

"शंभरी ओलांडून? मग सत्कार करू त्याचा."

अंदाज लिहायची कचेरीची रीत होती: पेन्सिलीने, पुढे प्रश्नचिन्ह. पण तिकडचे लोक प्रश्नचिन्हाचं कार्ड परत पाठवत. म्हणून या खेपेला तिने शाईने लिहिलं. एकाहत्तर वर्षांपूर्वीचं साल. प्रश्नचिन्ह गाळलं. कार्डाची प्रत लगेच तिकडे गेली.

मंगळवारी तिने त्याच माणसाचे आणखी फोटो पाहायला ग्रंथालयाचा संग्रह संगणकावर उघडला. त्या सालापर्यंतचे फोटो ठीक होते. त्यानंतरच्या सालच्या एका फोटोत नुसता पडदा आणि दोन खुर्च्या. त्यापुढच्यात फुलदाणी, गालिचा, रिकामं बाक. खाली ओळ तशीच होती: 'कुटुंब, सहा जण.'

तिने संगणकाची काच पुसली. डोळे चोळले. बाक रिकामंच.

दुपारी ती जेवायला घरी गेली. दोन गल्ल्यांचं तर अंतर. मावशी खिडकीपाशी उन्हात बसली होती.

"हात बघ गं माझे. सकाळपासून ऊबच धरत नाहीत."

हात खरंच गार होते. दगडासारखे.

भिंतीवर मावशीचा आणि आईचा लहानपणचा फोटो होता. एकमेकींचा हात धरलेल्या दोन मुली. आई हल्ली शेजारच्या देशात, धाकट्या मुलाकडे, म्हणजे हिच्या भावाकडे राहत होती. रोज डोळ्यांसमोरचा फोटो, पण आज मुली धुऊन विटलेल्या कापडासारख्या फिक्या दिसत होत्या. मागची भिंत त्यांच्यातून दिसत होती.

कोपऱ्यात शिक्का. तोच स्टुडिओ. खाली साल. तिने लिहिलेल्या सालानंतर सात वर्षांनी काढलेला फोटो.

ताट तसंच टाकून ती कचेरीकडे धावली. कार्ड काढलं, ब्लेडने शाई खरवडली. रकान्यात भोक पडलं तरी खरवडत राहिली. मग तिकडच्या छापखान्याला फोन लावला.

"ते साल काढून टाका. खोटं आहे. मीच लिहिलंय."

"आता कसं काढणार, ताई? छापून झालं. सकाळीच गठ्ठे रवाना झाले."

"तुमच्या नोंदीतलं तरी काढा."

"छापलं तेच नोंदीत राहतं आमच्याकडे."

तिने फोन ठेवला. भावाला लावला. तो वाजत राहिला.

ती घरी आली. मावशी ओट्यापाशी उभी राहून चहा गाळत होती. गालांवर रंग आला होता.

"आलीस? हात आता मस्त गरम झाले बघ."

तिने भिंतीकडे पाहिलं. फोटो लख्ख होता. फ्रॉकची घडीसुद्धा दिसावी असा.

मुलगी एकच होती.

तिचा डावा हात बाजूला ताणलेला. बोटं कशाभोवती तरी मिटलेली.

"मावशी," तिने विचारलं, "तुझ्या शेजारी कोण उभं होतं?"

मावशीने फोटो बराच वेळ निरखला.

"कोणी नाही गं. मी एकुलती एक." मग तिने कप पुढे केला आणि हसली. "आणि आज हे मावशी काय काढलंस? आई म्हण ना, नेहमीसारखं."