बुडायला नाखूश लाकूड

एकविसाव्या दिवशी टबातलं पाणी पुन्हा कोऱ्या चहासारखं झालं होतं. पर्समधली परीक्षानळी भरून, पांढऱ्या कागदासमोर धरून मी दोनदा पाहिलं. परवा, शनिवारी, ते लिंबाच्या सरबताइतकं फिकट होतं.

भिजवलेल्या लाकडाचा रंग पाण्यात उतरतो; रोज पाणी बदललं की तो फिका होत जातो, पुन्हा गडद होत नाही. कॉलेजात मी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. एवढं मला कळतं.

औरंगपुऱ्यातल्या या शोभेच्या माशांच्या दुकानात मी पहिल्यांदा शिरले ती बस चुकली म्हणून. दुकानदार कडूबा कोपरापर्यंत भिजून एक फाटे फुटलेलं मूळ ब्रशनं घासत होता. उन्हाळ्यात गोदावरीचं पाणी ओसरलं की कायगावच्या काठावरून तो अशी लाकडं वेचून आणतो, साल खरवडतो, उकळतो आणि बुडेपर्यंत टबात भिजत ठेवतो. काचेच्या टाकीत मासे त्यांच्याआड लपतात.

"हे तरंगतंय की!" मी म्हणाले होते.

"आत हवा हाय ना, मॅडम. लई हट्टी असतंय. दम धरावा लागतो."

"किती?"

"रोज येऊन बघा की..."

रविवारी दुकान बंद, बाकी मी रोज गेले. दहाव्या दिवशी ब्रशकडे बघत तो म्हणाला, "मॅडम, तुमचं लग्नाचं कुठं ठरलं नसंल... तर माझा विचार करता का?"

घरी प्रत्येक स्थळाला मी दोन वर्षं 'बघू' म्हणत आले होते. इथंही तेच केलं. "हे लाकूड बुडेल त्या दिवशी सांगते."

आणि आज हा रंग.

"कडूबा, तुम्ही लाकूड बदललंय."

"नाय... तेच हाय."

"पहिल्याच्या डाव्या फाट्याला खाच होती. ह्याला नाही."

आतून त्याच्या आईचा, साळूबाईंचा आवाज आला. "अगं बाई, पहिलं तर काल रविवारीच बुडालं! पोत्याखाली बादलीत लपवलंय त्यानं. आन् हे दुसरं उकळायला माझं मोठं पातेलं पळवलं!"

कडूबाचे कान लाल झाले.

"का लपवलंत?"

"तुम्ही नाय म्हणला असता तर? तरंगतंय तवर तुम्ही रोज येत तरी होता..."

मला हसू आवरेना. "आणा ते."

त्यानं बादली आणली. मी मूळ उचलून टबात सोडलं. एकही बुडबुडा न येता ते सरळ खाली गेलं. तळाला टेकल्याचा बारीक 'टक' आवाज आम्ही दोघांनी ऐकला. माझी नाडी इतक्या जोरात चालली होती की मोजायची सोयच नव्हती. कडूबा दम धरून उभा होता.

मी आतल्या दाराकडे वळले.

"साळूमावशी, तुमचं पातेलं आता मोकळं झालं. मी ह्यांच्याशी लग्न करणार आहे."