पहिल्या पाण्याचा डबा

आम्ही त्या गल्लीत राहायला गेलो तेव्हा घरात नळ नव्हता. पाणी दुपारी यायचं, कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाला. पहिल्या दिवशी माझ्या तान्ह्या ठमीला खांद्यावर टाकून, बादली घेऊन मी गेले, तर नळापाशी माणूस नाही. नुसती भांडी. बादल्या, कॅन, हंडे, एकामागे एक, शाळेतल्या पोरांसारखी मुकाट उभी. बायका समोरच्या सावलीत.

"नवीन दिसतेस," पलीकडच्या काकू म्हणाल्या. "ठेव मागे आणि ये इकडे. उन्हात भांडी उभी राहतात, आपण नाही. आणि रांग सरकली की पुढचं भांडं पायानं ढकलायचं, मालकीण असो नसो. तेवढी एकच माणुसकी शिल्लक आहे इथे."

रांगेच्या सगळ्यात पुढे पत्र्याचा एक छोटा डबा होता. झाकण नाही, तारेची कडी. लहान मुलाच्या हाताला झेपेल एवढाच.

"हा कुणाचा?"

"तो पहिल्या पाण्याचा."

नळ फुरफुरला, खोकला, आणि त्याने चहाच्या रंगाचं पाणी ओकलं. गटाराचा वास आला. ते सगळं त्या डब्यात गेलं. धार नितळ झाल्यावर काकूंनी डबा पायानं बाजूला सारला आणि रांग सुरू झाली.

मला कौतुकच वाटलं. मी शिकलेली बाई. त्यातून ठमीला दोनदा जुलाब होऊन सलाईन लावावं लागलं, तेव्हापासून पाण्याबद्दल सापडेल ते वाचून मी रीतसर घाबरायला शिकले होते. पाणी बंद असताना फुटक्या पाइपात शेजारचं गटार झिरपतं, म्हणून पहिलं पाणी विष, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "आता तिसऱ्यांदा नको हं. हिच्या अंगात झेलायला काही उरलेलं नाही." मी पाणी इतकं उकळायचे की नवरा म्हणायचा, "अगं, पातेलं वितळेल."

"युक्ती छान आहे तुमची," मी काकूंना म्हणाले.

"युक्ती कसली..." काकूंचा आवाज खाली आला. "एक पोर होती. आई कामावर, ही एकटी रांगेत. तहानलेली. पहिला नंबर लागला आणि तिथंच डबा तोंडाला लावला. दुसरी दुपार काही बघितली नाही तिनं. तेव्हापासून पहिला नंबर तिचा."

"आणि मग हा डबा ओततं कोण?"

"कुणी नाही."

मी हसले. निघताना मात्र मागे वळून पाहिलं. डबा काठोकाठ भरलेला होता. दुसऱ्या दुपारी तो रांगेच्या पुढे होता आणि आतून कोरडा ठणठणीत. ऊन केवढं असतं, आटलं असेल. स्वतःची समजूत काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मग नवी लाइन आली. घरोघर नळ. प्लंबरने कोपऱ्यावरचा नळ कापला, भोक बुजवलं आणि मला म्हणाला, "ताई, नशीब काढलंत. लाइनीवर पहिलं घर तुमचं. पाणी आधी तुम्हालाच."

काकू तिथेच होत्या. त्या हसल्या नाहीत.

पाणी सुटलं त्या दुपारी ठमीला झोपवून मी स्वयंपाकघरात आले. नळाखाली डबा होता.

नवरा कामावर होता. दाराला आतून कडी होती. मी काकूंना बोलावलं. त्यांनी दारातूनच पाहिलं, उंबरा ओलांडला नाही. "राहू दे," म्हणाल्या. "त्याचा तो भरू दे... हात लावू नकोस."

राहू दिला. रोज नळ खोकायचा, डबा भरायचा, सकाळी कोरडा असायचा. भीतीचीही सवय होते. ठमीने बाळसं धरलं, भिंतीला धरून पावलं टाकायला लागली. आणि मला त्या डब्याची भीती वाटेनाशी झाली. त्याऐवजी दया यायला लागली. तेच वाईट झालं. रोज ती घाण धार बघायचे आणि तो एवढासा डबा. मेली तरी पोरीच्या वाट्याला हेच पाणी?

एका दुपारी मी डबा बाजूला घेतला. पहिलं पाणी मोरीत जाऊ दिलं. नितळ धार आली तेव्हा डबा भरला आणि, कुणी ऐकत नाहीसं बघून, म्हणाले, "घे गं बाळा. आज चांगलं पी."

संध्याकाळी काकूंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"मग पहिला नंबर कुणाचा?"

"कुणाचाच नाही."

"असं नसतं गं... रांगेत पहिलं कुणीतरी असतंच."

दुसऱ्या दुपारी ठमी माझ्या कडेवर होती. स्वयंपाकघरातून पत्रा फरशीवर घासल्याचा आवाज आला. हळू. थांबून थांबून. मी दारात गेले.

डबा नळाखाली नव्हता. वीतभर मागे होता. त्याच्या पुढे ठमीचा दोन कानांचा पिवळा कप होता, जो मी सकाळी धुऊन वरच्या फळीवर उपडा घातला होता. मी बघत असतानाच डबा सरकला, कपाला टेकला आणि कप बरोबर धारेच्या जागी गेला.

पुढचं भांडं ढकलायचं. मालकीण असो नसो.

नळ खोकला. मी धावले, पण कप भरला होता. तो वास... मी कप उचलून ओट्यावर ठेवला, नळ करकचून बंद केला आणि कप मोरीत ओतायला वळले.

कप कोरडा होता.

"ठमे..."

ती माझ्या कडेवरून हललीसुद्धा नव्हती. तिचे दोन्ही हात माझ्या गळ्याभोवती घट्ट होते. तिने माझ्याकडे बघून मोठी जांभई दिली, आणि तिच्या तोंडातून गटाराचा वास आला.