भित्तिवाचन

रक्तवाहिनीला तिचा इतिहास विचारता येऊ लागला, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. धमनीच्या भिंतीवर दरवर्षी एक अतिसूक्ष्म थर चढतो आणि प्रत्येक इजेचा वण त्या-त्या वर्षाच्या थरात राहतो. सुईच्या टोकाएवढा दिवा आत सोडून हे थर वाचायचे, याला 'भित्तिवाचन' म्हणत.

मल्हार खानविलकरनं ते दोनदा टाळलं होतं. आता टाळणं शक्य नव्हतं. हृदयाला रक्त पुरवणारी त्याची धमनी एका जागी फुगून लिंबाएवढी झाली होती. आत गुठळी धरत होती, फुगा कधीही फुटला असता.

"कारण कळल्याशिवाय उपचार नाही का करता येणार?" त्यानं विचारलं.

"फुगा कापून तुमच्याच पेशींची विणलेली नळी बसवायची," डॉ. मुजावर म्हणाल्या. "पण भिंत कशानं कुजली ते कळलं नाही, तर नवी नळीही फुगेल."

"कारण मला माहीत आहे, डॉक्टर," शेजारी बसलेल्या त्याच्या आई, तृप्तीताई म्हणाल्या. "हा चार वर्षांचा असताना आठ दिवस तापला होता. डोळे लाल, ओठ फुटलेले. मी धरणाच्या कामावर होते. उशीर केला."

आठ वर्षांपूर्वी फुगा पहिल्यांदा दिसला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी लहानपणच्या अशा तापाबद्दल विचारलं होतं. त्याच्याकडे बघायला म्हणून तृप्तीताईंनी महिन्याभरात नोकरी सोडली. मुख्य अभियंता व्हायला तेव्हा त्यांना तीनच महिने उरले होते. मल्हार गप्प बसला होता.

भित्तिवाचन झाल्यावर डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "काकू, चौथ्या वर्षाचा थर हा. स्वच्छ आहे. ताप साधाच असणार." बोट पुढे सरकलं. "वण इथून सुरू होतात. तेविसाव्या वर्षापासून सत्ताविसाव्यापर्यंत, एकावर एक. मल्हार, तेव्हा काय घेत होतात?"

त्याला आईकडे बघवेना.

"कोकेन," तो म्हणाला.

मग तृप्तीताईंनी हळूच विचारलं, "म्हणजे माझ्या उशिरानं काहीच झालं नाही?"

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"तुला ठाऊक होतं?"

मल्हारनं होकारार्थी मान हलवली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त शस्त्रक्रियेची तारीख विचारून घेतली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पाचव्या दिवशी त्याची मावशी भेटायला आली. "एवढं कशानं गं झालं?" तिनं बहिणीला विचारलं.

तृप्तीताई पांघरूण नीट करत होत्या. "लहानपणी ताप अंगावर काढला गं. माझंच चुकलं."

मावशीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मल्हार जागा होता. बोलण्याइतकी ताकद त्याच्यात केव्हाच आली होती. त्यानं डोळे मिटून घेतले.