न कललेला भोवरा

'उत्तरायण' यानाच्या रुग्णकक्षात भौतिकशास्त्रज्ञ डॉ. श्रीपाद उकिडवे भोवऱ्याची आर, म्हणजे ज्या टोकावर तो उभा राहतो तो खिळा, कानशीने घासत बसले होते. पलंगावर त्यांची नात शर्वाणी उशीला टेकली होती. तिच्यापुढच्या मेजावर धातूची एक उथळ परात होती आणि त्या परातीत आजोबा-नातीचे भोवऱ्यांचे युद्ध रंगत असे. दोघांनी एकाच वेळी भोवरे सोडायचे, त्यांनी तळाशी एकमेकांवर आदळायचे, आणि जो अखेरपर्यंत फिरत राहील त्याचा विजय.

"आबा, किती उगाळाल? भोवरा आहे तो, चंदन नव्हे," शर्वाणी म्हणाली.

तिच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. शस्त्रक्रियेने ती वाचली असती; परंतु शनीच्या वाटेवरच्या या वसाहतयानात हृदयाला हात घालील असा शल्यचिकित्सक नव्हता. पृथ्वीकडे पुनःपुन्हा संदेश धाडले गेले. दर वेळी काही तासांनी एका स्त्रीच्या मृदू आवाजात तेच उत्तर येई: आम्ही व्यथित आहोत, पण अंतरापुढे इलाज नाही. उरलेले आयुष्य तरी मुलीने हसत काढावे, म्हणून उकिडव्यांनी भोवरे घडवले.

त्यांना नातीस एक नवलही दाखवायचे होते. उजवीकडे फिरणारा भोवरा यानाच्या मुखाकडे झुकेल आणि डावीकडे फिरणारा पुच्छाकडे, असे त्यांनी मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवले होते. भोवरे मात्र समईसारखे ताठ उभे राहत. सिद्धान्तावर त्यांची श्रद्धा अशी की दोष आरीतच असणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. आर घासली, बदलली, पुन्हा घासली. आज मात्र घासता घासता त्यांचा हात थबकला. आरीत दोष नसेल तर? त्या प्रश्नासरशी त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. कानस ठेवून ते यानप्रमुख इंद्रायणी घोरपडे यांच्या कक्षात गेले.

"शास्त्रीबुवा, भोवरा ऐकत नाही म्हणून यानाची झडती घ्यायची?" बाईंनी हसून विचारले.

"ऐका तर खरे. यान स्वतःभोवती फिरते, म्हणून आपल्या अंगाला भार आहे, असेच ना? म्हणजे भोवऱ्याखालची भूमी सतत वळते आहे. फिरत्या भोवऱ्याचा आस आपली दिशा सहजी सोडत नाही. भूमी त्याला वळवू पाहते, तो वळू मागत नाही. या ओढाताणीत त्याने एका बाजूस कललेच पाहिजे. तो कलत नाही. यान फिरत नाही."

"मग भार कुठला? इंजिन ढकलत असेल."

"इतक्या जोराने वर्षभर ढकलले असते, तर शनी केव्हाच मागे पडला असता."

बाईंचे हसू मावळले. "म्हणजे?"

"म्हणजे हा भार पृथ्वीचा आहे. आपण निघालोच नाही."

घोरपडेबाई एकेक गोष्ट आठवू लागल्या. प्रस्थानाच्या दिवशी सर्वांना निद्रौषध दिले होते. डोळे उघडले ते यानातच. खिडक्या म्हणजे नुसते चित्रपट्ट, आकाश दाखवणारे पडदे. यान बाहेरून कुणीच पाहिले नव्हते. तरीही शेकडो जिवांचा भार त्यांच्यावर होता. अखेर त्यांनी एवढेच मान्य केले की, उकिडव्यांनी अवकाशवेश चढवून एकट्याने प्रवेशकोषात जावे, आतले दार बंद करावे आणि मग बाहेरचे उघडावे.

"बाहेर हवा नाही असे मापक सांगतो आहे," दार लावण्यापूर्वी त्या म्हणाल्या. "भोवरा खोटा ठरला तर?"

"बाई, मापक आपल्याला धाडणाऱ्यांनी बसवला आहे. भोवरा मी घडवला आहे."

बाहेरचे दार सरकले. हवा सुटल्याचा सूत्कार झाला नाही. समोर फरसबंदीचा लांब मार्ग होता, भिंतीवर पंखा फिरत होता, आणि एका मेजापाशी कानांवर हेडफोन लावलेली तरुणी चहात बिस्कीट बुडवत होती. मेजावरच्या पट्टावर हृदयाच्या ठोक्यांची आंदोलने उमटत होती. त्याखाली शर्वाणीचे नाव होते.

उकिडव्यांनी शिरस्त्राण उतरवले. आपण पृथ्वीवर आहोत, या धक्क्यासाठी त्यांनी मनाची तयारी केली होती. या पट्टासाठी नव्हती. आपले सगळे संदेश या भिंतीपलीकडे ऐकले गेले होते, आणि उत्तराचे ते तास कुणीतरी घड्याळाकडे पाहत काढले होते.

तरुणी उठली. बिस्किटाचा तुकडा चहात पडला.

"तुम्ही... बाहेर यायचं नव्हतं," ती म्हणाली. आवाज तोच, मृदू. "प्रवासात जवळचं माणूस गेलं तर वस्ती तग धरते का, ते पाहायचं होतं. मी फक्त उत्तरं वाचते, बाबा."

उकिडवे मेजाशी आले. त्यांनी पट्टाकडे बोट केले.

"हिची शस्त्रक्रिया करील असा वैद्य इथून किती दूर आहे?"

या वेळी उत्तराला काही तास लागले नाहीत. तिने मान खाली घातली.

"वरच्या मजल्यावर."